घरातल्याचा वाटा

"आत कोणीच नाही, तर मग ही नळी कुणासाठी?"

प्रश्न तसा माहिराचा नव्हता. तो अफशांच्या डोक्यातून निघाला होता, आणि "विचारून दाखव, नाहीतर परतताना बसमध्ये गणिताच्या मॅडमशेजारी बसायचं" ही अट आसावरीनं घातली होती. दोघी आता तिच्या मागे तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. दहावीच्या वर्गात कुणाला काही विचारायचं असलं की माहिरालाच पुढे ढकलायचं, हे हल्ली ठरूनच गेलं होतं. वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीलाही मान वर करत नसे. मग कुणीतरी तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलं, ती पहिली आली, आणि त्यानंतर तिच्या तोंडाचं जे झाकण उघडलं ते लागायलाच तयार नव्हतं.

फैसल नळीपाशी वाकला. तो तिथला गाईड. अंगात कतारी पुरुषांचा पायघोळ, पांढराशुभ्र थोब, पायात निळे रनिंग शूज, आणि हिंदी अशी की दिल्लीच्या मुलांनी मागे वळून बघावं. मघापासून त्यानं सगळ्या वर्गाला रास सुमैरचं किनाऱ्यावरचं उत्खनन फिरवून दाखवलं होतं. वर उन्हात मोती काढणाऱ्यांचं उजाड गाव होतं. समुद्रातल्या दगडांच्या भिंती झिजून गुडघ्याएवढ्या उरलेल्या. त्याच्या खाली, पायऱ्यापायऱ्यांनी खणलेल्या चरात, पत्र्याच्या छपराखाली, त्याहून कितीतरी जुनं काहीतरी होतं. रोमच्या काळातलं. हिंदुस्थानकडे निघालेलं एखादं गलबत भरकटून इथं लागलं असावं, त्यातली माणसं काही काळ इथं राहिली असावीत, असं फैसल म्हणाला. प्रत्येक वाक्याला तो "आमचा अंदाज" हे शब्द जोडत होता. हिरव्या काचेच्या बाटलीची मान, मातीच्या दिव्याचा तुकडा, आणि ही कबर.

कबर म्हणजे दगड रचून केलेली माणसाच्या लांबीची पेटी. आतली माती चाळून झाली होती. हाड नाही, दात नाही, केस नाही. मधोमध मनगटाएवढी मातीची नळी उभी होती, तोंडाशी टवका उडालेली. उशाला एक दगड होता, त्यावर अक्षरं कोरलेली. पण वरची ओळ जिथं असायला हवी तिथं दगडच तुटून गेला होता.

"ज्याचं शरीर मिळालं नाही त्याच्यासाठी," फैसल शेवटी म्हणाला. "समुद्रात गेला असेल. शरीर नाही तर निदान घर तरी द्यायचं, नाहीतर तो भटकत राहतो, असं ते लोक मानायचे. मग त्याची माणसं इथं यायची. या नळीतून पाणी सोडायची, दारू, खाणं. आणि त्याचं नाव घेऊन हाक मारायची. ये, हे तुझं घर."

"आणि नाव घेतलं नाही तर?"

हा प्रश्न मात्र माहिराचा स्वतःचा होता. पैजेत नव्हता.

फैसलनं दगडाच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. "याचं तर नावच उरलं नाही. बिननावाची हाक मारली, तर जो उपाशी असेल तो येईल." मग मुलींचे चेहरे बघून तो हसला. "यल्ला, चला, तुमचीच जेवायची वेळ झाली."

सगळा वर्ग हसत, ढकलाढकली करत पायऱ्या चढून गेला. आसावरी वरून ओरडली, "पैज जिंकलीस गं, आता चल." माहिरानं "बाटली राहिली, आलेच" म्हटलं आणि ती खालीच थांबली.

बाटली तिच्या हातातच होती.

तिच्या डब्यात नेहमी दोन वाटे असायचे. एक तिचा, एक भाईचा.

माहिराचं घर मूळचं दापोलीकडच्या एका खाडीकाठचं. पणजोबा खलाशी, त्यांचे वडीलही खलाशी. त्या घरात एक रीत होती. माणूस दर्यावर असेपर्यंत घरात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. नाव घेतलं की दर्याला ऐकू जातं आणि मग तो त्या नावाला धरून बसतो. परत येऊन उंबरा ओलांडेपर्यंत तो माणूस फक्त 'घरातला'. रोज त्याचा वाटा काढायचा, झाकून ठेवायचा, आणि वाढणारीनं दाराकडे बघून म्हणायचं, "ये रे घरातल्या, वाटा थंड होतोय."

अब्बा कतारला आले ते विमानानं. आधी कामगारांच्या खोलीत, मग स्टोअरकीपर झाल्यावर दोहातल्या अझीझिया भागातल्या फ्लॅटमध्ये. ही रीत मागे गावातच राहिली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी भाई मित्रांबरोबर मासे धरायला उत्तरेकडून बोटीनं गेला. दुपारी शमाल, उत्तरेचा सोसाट्याचा वारा, सुटला, बोट उलटली. दोघं मित्र पोहत किनाऱ्याला लागले. भाई लागला नाही. पुष्कळ दिवस शोधलं. त्याची एक चप्पलसुद्धा मिळाली नाही.

त्या आठवड्यात अम्मीनं ही रीत बाहेर काढली.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीसमोर झाकलेलं ताट असतं. भाईचं नाव घरात कुणी उच्चारलेलं नाही. फातेहा झाली नाही, कारण फातेहा मेलेल्यांची होते आणि तो दर्यावर आहे. सकाळी झाकलेलं ताट तसंच्या तसं निघायचं. मग ते खाली वॉचमन संपतला जायचं. संपतला वाटायचं वहिनी फार मायाळू आहेत.

अब्बांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. पण आता त्यांच्या कंपनीचं काम संपलं होतं. मार्चनंतर व्हिसा नाही. शाळा संपली की सगळ्यांनी गावी जायचं, कायमचं. अम्मी म्हणाली, "मी नाय येणार. तो आला आन् दाराला कुलूप दिसलं तर?" त्या दिवसापासून घरात दोनच आवाज उरले होते, एसीचा आणि भांड्यांचा. शाळेतल्या सगळ्या प्रश्नांना तोंड देणाऱ्या माहिराला घरात मात्र एक प्रश्न विचारता येत नव्हता. भाई आहे की नाही.

वर मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. खाली चरात वारा नव्हता. ओहोटीनं समुद्र लांब गेला होता आणि वाळत चाललेल्या शेवाळाचा वास तेवढा येत होता. माहिरानं दोरीखालून वाकून आत पाय टाकला. हे करायला परवानगी नाही, हे तिला ठाऊक होतं. भाईच्या वाट्यातली तांदळाची भाकरी तिनं मोडली, लहान लहान तुकडे करून नळीत सोडले. वरून बाटलीतलं पाणी ओतलं.

मग तिनं नळीच्या तोंडाशी वाकून, ज्या मराठीत ती घरात हल्ली एक वाक्य धड बोलत नसे त्याच मराठीत, दोन वर्षं रोज कानावर पडलेल्या अम्मीच्या चालीवर म्हटलं, "ये रे घरातल्या, वाटा थंड होतोय."

नाव तिनं घेतलं नाही. घ्यायचं असतं, हे आत्ताच ऐकूनही तिच्या तोंडात ते आलं नाही. दोन वर्षांत जीभच तशी वळली होती.

पाणी खाली पडल्याचा आवाज तिनं ऐकायचा प्रयत्न केला. आला नाही. नळी फार खोल नव्हती. फैसलनं पट्टी घालून दाखवली होती. तरी आवाज आला नाही. ती उठायला लागली तेव्हा आला, आणि तो पाणी पडल्याचा नव्हता.

कुणीतरी एक घोट गिळला होता.

माहिरा पायऱ्या कशी चढली हे तिला नंतर आठवेना. वर येऊन ती नेहमीपेक्षा जास्त बोलली, जास्त हसली, गणिताच्या मॅडमची नक्कल करून दाखवली. बसमध्ये खिडकीशी बसली. शेजारी अफशां बसायला आली आणि तशीच उठली.

"शी. सीट ओली आहे. पाणी कुणी सांडलं?"

"मी नाही," माहिरा म्हणाली.

अफशां पुढे आसावरीजवळ जाऊन बसली. शमाल रोडवर दोहापर्यंत माहिराच्या शेजारी कुणी बसलं नाही. सीट मात्र वाळली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं झाकण उचललं आणि ती तशीच उभी राहिली. ताट रिकामं होतं.

"मांजर," अब्बा म्हणाले.

"सहाव्या मजल्यावर?"

"मग माहिरानं खाल्लं असेल. काय गो?"

माहिरानं खांदे उडवले. "मी डाएटवर आहे, अब्बा."

अम्मी दोघांकडे बघत नव्हती. ताटात वरणाचा डागसुद्धा नव्हता. बोटानं पुसून घ्यावं तसं ते स्वच्छ होतं. ताट उचलल्यावर टेबलावर ओलं वर्तुळ राहिलं. ते वाळल्यावर कडेनं बारीक पांढरी रेघ उमटली. अम्मीनं तिथं बोट लावून जिभेवर ठेवलं. मग ती आत गेली आणि कितीतरी महिन्यांनी तिनं स्वयंपाकघरातला रेडिओ लावला.

त्यानंतर रोज ताट रिकामं निघू लागलं. संपतनं खाली विचारलंदेखील, "वहिनी आजारी हाय का?" वहिनी आजारी नव्हत्या. वहिनी बऱ्या होत चालल्या होत्या. अम्मीनं केसांना मेंदी लावली. बाजारातून शेरी मासा आणला, सांदणं केली, वालाची उसळ केली. आमसुलं संपली म्हणून अब्बांना दोन दुकानं पालथी घालायला लावली. वाढताना ती दाराकडे बघून हाक मारायची, ती आता प्रश्न विचारल्यासारखी नव्हती. घरात बसलेल्या माणसाला मारावी तशी होती.

अब्बा हे सगळं बघून आणखी बारीक होत गेले. त्यांना वाटत होतं, अम्मीच ते खाते. एकदा बाल्कनीत ते माहिराला म्हणाले, "तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, बाय. मी तिकिटं काढलीयत. तिला सांगायला माझी जीभ उचलत नाय."

माहिरा "इट्स ओके, अब्बा, मी बघते" म्हणाली. आत्मविश्वासानं म्हणाली. हल्ली तिला असं म्हणायची सवय झाली होती.

पण ती काय बघणार होती? पहिले काही दिवस तिला आनंदच झाला होता, कुणाला सांगता येणार नाही असा. भाई आला. मी बोलावलं आणि तो आला. शाळेतून येताना लिफ्टमध्ये ती त्याच्यासाठी मनात गोष्टी जमवायची. जेवताना चौथ्या खुर्चीकडे बघून डोळा मारायची. तिला वाटायचं, आता तो तिची वेणी ओढेल. भाई यायचा तो वेणी ओढतच यायचा.

वेणी कुणी ओढली नाही. खुर्चीच्या बाजूनं फक्त गारवा यायचा, आणि वाळत्या शेवाळाचा वास.

मग एका संध्याकाळी अम्मी शेजारी कुणाकडे तरी गेली होती आणि वाढायचं काम माहिराकडे होतं. कोळंबीचं कालवण होतं. भाईचा वाटा अशा दिवशी वेगळा असायचा, साधी डाळ आणि तळलेला मासा, कारण कोळंबी जिभेला लागली तरी भाईचे ओठ सुजायचे. लहानपणी एकदा त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून तो कोळंबीच्या वासानंही ताट दूर सरकवायचा. डाळ गॅसवर तयार होती. माहिरानं डाव हातात घेतला, डाळीकडे बघितलं, आणि कोळंबीचं कालवण वाढलं.

का, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं फक्त झाकण ठेवलं आणि हाक मारली.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिनं झाकण उचललं. ताट स्वच्छ होतं. रस्सासुद्धा पुसलेला.

कोळंबीच्या शेपट्या खुर्चीखाली फरशीवर पडल्या होत्या.

त्यांच्या घरात उष्टं कुणी जमिनीवर टाकत नाही. अम्मीनं ते कधीच चालवून घेतलं नसतं. ताटाच्या कडेला ठेवायचं, हे भाईला, माहिराला, दोघांना चापट मारून शिकवलेलं. या शेपट्या सहज, सवयीनं टाकलेल्या होत्या. जेवताना उष्टं जमिनीवरच टाकायचं असतं, अशा कुठल्यातरी घरात वाढलेल्या माणसानं टाकाव्यात तशा.

माहिरा खाली बसली. तिनं एकेक शेपटी उचलून मुठीत घेतली. भाई आला नव्हता. भाई कधीच आला नव्हता. तिला आधी भीती वाटली नाही. आधी फक्त रडू आलं, दोन वर्षांपूर्वी आलं नव्हतं तेवढं.

"दे इकडं," मागून अम्मी म्हणाली.

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माहिराच्या मुठीतून शेपट्या घेतल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. हात धुतले. चहाचं आधण ठेवलं. हे सगळं इतकं नेहमीसारखं की माहिराला कळलं.

"अम्मी. यू नो?"

"मराठीत बोल."

"तुला माहीत आहे. तो भाई नाही."

अम्मीनं साखर घातली. "पहिल्या सकाळीच. तुझा भाई ताट असं पुसून खाणारा होता काय? अर्धं टाकायचा. मी ओरडायची." ती थोडी हसली. "हा बिचारा लई दिवसांचा उपाशी हाय."

"मग तू त्याला का वाढतेस?"

आधण उकळायला लागलं. अम्मीनं गॅस बारीक केला.

"कुणाचा तरी पोरगा असंल ना," ती म्हणाली. "आईला मिळाला नसंल. तो हितं आला, मी त्याला घातलं. मंग माझा कुठं गेला असंल, त्याला पण कोण तरी घालत असंल. मी हे बंद केलं, आन् तिकडच्या आईनं पण बंद केलं, तर?"

माहिरानं फडताळातून तीन कप काढले.

"म्हणून मी नाय येणार गावी," अम्मी म्हणाली. "अब्बांना सांगू नको. त्यांना वाटू दे मी वेडी झालीय."

*

तो दिवस माहिरानं शाळेत कसा काढला कुणास ठाऊक. आसावरीनं विचारलं, बरी आहेस ना. अफशांनं तिच्या पुढ्यात आपला डबा सरकवला. माहिराला दुपारच्या उन्हात फैसलचं ते तुटक्या दगडावर फिरणारं बोट दिसत होतं. बिननावाची हाक. त्या माणसासाठी कुणीतरी दगड रचले, नळी बसवली, नाव कोरलं, आणि मग नावच तुटून पडलं. त्यानंतर किती काळ तो तिथं वाट बघत बसला असेल, की कुणीतरी आपल्याला 'ये' म्हणेल. कुणी म्हटलं नाही. म्हणून पहिली जी हाक आली ती त्यानं धरली. आपली नव्हती तरी.

आणि भाईला? भाईला तर आम्ही एकदाही हाक मारली नाही, तिच्या मनात आलं. दोन वर्षं रोज कुणालातरी 'ये' म्हटलं. त्याला नाही.

ती वर्गात ताठ बसली.

संध्याकाळी मगरीबच्या नमाजनंतर टेबल मांडलं. अब्बा आज पांढरा लिफाफा घेऊन आले होते, तो त्यांनी पाण्याच्या जगशेजारी ठेवला. तिकिटं. अम्मीनं लिफाफ्याकडे बघितलं नाही. तिनं तीन ताटं वाढली, मग चौथं. भात, शेरीचं कालवण, आमसुलाचं सार. झाकण ठेवलं. दाराकडे न बघता, खुर्चीकडे बघून म्हणाली, "ये रे घरातल्या."

"रुकैया," अब्बा म्हणाले, "आज आपल्याला बोलायचंय."

"जेवून घ्या आधी."

"जेवतानाच बोलू. जेवून उठलीस की तू आत जातेस."

"इकबाल, मी सांगितलंय."

"काय सांगितलंयस? पोरीचं काय? माझं काय? मी हितं कशाच्या जोरावर राहू?"

अम्मी भात कालवत राहिली. कालवलेला घास तिनं उचलला नाही.

त्या शांततेत माहिराला तो आवाज आला. तो रोजच येत असावा. रोज कुणीतरी बोलत असल्यामुळं ऐकू येत नसावा. झाकणाखालून. भात बोटांनी गोळा करताना ताटाला नखं घासावीत, तसा बारीक. अम्मीनं तो ऐकला होता, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. अब्बांनीही. ते झाकणाकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

माहिरा उभी राहिली. तिनं टेबलाची कड धरली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. इंग्रजीत नाही. "दोघांनी ऐका. मध्ये बोलू नका."

अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला.

"येत्या जुमेरातला, गुरुवारी, घरात फातेहा होणार. मलिदा मी करणार, अम्मी फक्त सांगेल. अब्बा पढणार. आणि ती घरातल्याच्या नावानं नाही होणार."

अम्मीची मान हलली. नको, नको.

"अम्मी, हा बघ. याचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून हा परक्याच्या टेबलावर परक्याचा वाटा खातोय. आपण नाव घेतलं नाही तर भाईही असाच कुणाच्यातरी घरात जाऊन बसेल. बसलाच असेल. त्याला कोळंबी वाढत असतील, अम्मी. त्यांना कुठं माहीत आहे?"

अम्मीनं डाव्या हातानं तोंडाला पदर लावला.

"फातेहा रेहानच्या नावानं होणार," माहिरा म्हणाली.

दोन वर्षांत ते नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं. अब्बांनी डोळे मिटले. अम्मी एकदम गप्प झाली, हुंदक्याच्या मध्यावर, जणू कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला असावा.

"रेहान," माहिरानं पुन्हा म्हटलं, यावेळी दाराकडे बघून. "रेहान इकबाल. माझा भाई." मग ती झाकलेल्या ताटाकडे वळली. आवाज शक्य तितका हळू केला, पाहुण्याशी बोलावं तसा. "आणि शुक्रवारी, अब्बा, तुम्ही मला रास सुमैरला नेणार. मी याचा वाटा बरोबर घेणार आणि याला याच्या घरी पोचवून येणार. मग आपण तिघं गावी जायचं."

ती खाली बसली.

झाकणाखालचा तो बारीक आवाज थांबला होता. संपल्यासारखा नाही. कुणीतरी घास हातात धरून ऐकत बसलं असावं, तसा.